चिकटलं ना?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं आणि भवानीनगर मागे पडलं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड लागतात आणि फडांच्या आड वस्त्या. या पट्ट्यात दर चार-दोन वस्त्यांमागे एक तरी गृहस्थ असा सापडतो, की ज्याच्या फोनपेक्षा फोनची पाठ जाड. फोन बारा हजारांचा. त्यावर काळं रबरी कव्हर, कव्हरवर लोखंडी रिंग, रिंगवर चुंबकवाला स्टँड, स्टँडच्या मागे कार्ड ठेवायचं पाकीट, आणि एवढा संसार ऐनवेळी सुटू नये म्हणून वरून एक आडवं रबर. शर्टाच्या खिशात हे प्रकरण मावत नाही. ते हातात धरावं लागतं, आणि माणसाने कानाला नक्की काय लावलंय हे लांबून कळत नाही. कुठे या गृहस्थाला बापू म्हणतात, कुठे अण्णा. आमच्याकडे तात्या आहेत.

तात्या उधळे मुळीच नाहीत. ठिबकची नळी उंदरांनी कुरतडली तर जोड मारून तीच नळी आणखी दोन हंगाम ओढतील. खताच्या गोणीची सुतळी उसवून, गुंडाळून खुंटीला लावतील. डाळिंब घेऊन इंदापूरच्या बाजार समितीत गेले तर किलोमागे एका रुपयासाठी व्यापाऱ्याचं डोकं उठवतील. पण चुंबकाचा विषय निघाला की हात सैल. उसाचा हप्ता खात्यावर पडला की आधी सोसायटीचं कर्ज, मग खताच्या दुकानाची उधारी आणि तिसऱ्या नंबरला पार्सल. डिलिव्हरीचा पोरगा आता वस्तीपर्यंत येतसुद्धा नाही. कालव्याच्या पुलावरूनच "तात्याऽ, ओटीपीऽ" अशी आरोळी ठोकतो आणि तात्या फडातून तेवढ्याच ताकदीने सहा आकडे ओरडून सांगतात. ओटीपी कोणालाही सांगू नका, असं बँक वारंवार कळवते. तात्यांच्या मते कोणालाही वेगळं सांगितलेलंच नाही, सगळ्यांना एकदमच सांगितलंय.

हे वेड लागलं ते पुतण्यामुळे. पुतण्या हिंजवडीला कंपनीत. गावच्या यात्रेला तो नव्या गाडीतून आला आणि त्याने खिशातला फोन काढून डॅशबोर्डवरच्या चकतीजवळ नुसता नेला. टक्! फोन आपण होऊन जाऊन बसला. ना पिन, ना खाचा, ना चिमटा. ॲपलने 2020 च्या ऑक्टोबरात आयफोन 12 आणला, तेव्हा त्याच्या पाठीत चुंबकांचं गोल कडं बसवलं आणि त्याला मॅगसेफ नाव दिलं. तेच नाव कंपनीने 2006 पासून लॅपटॉपच्या चुंबकी चार्जरला लावलं होतं. पुतण्या हे सगळं सांगत होता. तात्यांनी त्यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. ते म्हणाले, "परत कर." पुतण्याने परत केलं. टक्! "परत कर." यात्रेतला तमाशा सुरू झाला, लोक उठून तिकडे गेले, तरी हे दोघे गाडीत बसून टक् टक् करत होते.

शेवटी तात्यांनी आपला फोन त्या चकतीला लावून बघितला. फोन सटकला आणि गिअरपाशी जाऊन पडला.

"तात्या, तुमच्या फोनमध्ये नाही ते," पुतण्या म्हणाला. "त्यात मॅग्नेटच नसतं."

'तुमच्यात नाही ते' या वाक्याने आपल्याकडे पुष्कळ गोष्टी संपतात. स्थळं मोडतात, तिकिटं कापली जातात, पोरं आर्ट्सला जातात. तात्यांच्या बाबतीत ते वाक्य म्हणजे कामाला सुरुवात. ते काही बोलले नाहीत. सोमवारी बारामतीला भिगवण चौकात मोबाइलच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

दुकानातल्या पोराने त्यांच्यापुढे दोन पुड्या टाकल्या. रिंगा दोन जातीच्या असतात. एक साधी लोखंडी. तिला स्वतःची ओढ नसते, चुंबक जवळ आलं की ती चिकटते. दुसरी खऱ्या चुंबकांची. तिच्यात निओडिमियमच्या बारीक बारीक फाका गोलात बसवलेल्या असतात. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं हे चुंबक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी तयार झालं. नखाएवढा तुकडा बोटाची कातडी चिमटीत पकडतो. लोखंडी रिंग कशीही लावा, तिला उलटसुलट नसतं. चुंबकी रिंगेला मात्र दिशा असते. तात्यांनी अर्थातच महागाची घेतली, आणि अर्थातच उलटी लावली.

घरी येऊन त्यांनी फोन सोबत आणलेल्या चार्जरच्या चकतीवर ठेवला, तर चकती टेबलावरून पुढे पळाली. तात्यांनी फोन पुढे नेला, चकती आणखी पुढे. वायर ताणेपर्यंत दोघांची पाठशिवणी चालली. तात्या टेबलाच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्यो दुसऱ्या गटाचा निघाला." आमच्या तालुक्यात एवढ्या खुलाशाने सगळ्यांचं समाधान होतं. दोन सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, हे शाळेत शिकलेला सातवीतला नातू तिथेच होता. त्याने रिंग नखाने उचकटून पालथी केली आणि चिकटवली. टक्!

"चिकटलं ना?" तात्यांनी सगळ्या घराला विचारलं. हे वाक्य तेव्हापासून त्यांच्या तोंडी बसलं.

चिकटलं होतं. चार्ज मात्र होत नव्हतं. फोन चकतीवर घट्ट बसून होता, चकतीवरचा दिवा तांबडा होऊन मिचमिचत होता, आणि बॅटरी सकाळपेक्षा खाली उतरली होती. तात्यांनी चार्जर बदलून आणला. नवाही तसाच मिचमिचला. काकू म्हणाल्या, "नजर लागली आसंल." तात्या म्हणाले, "व्होल्टेज नसंल." व्होल्टेज नसणं हे आमच्याकडचं नजर लागण्याचंच शास्त्रीय नाव आहे.

अखेर उलगडा केला तो इंदापूरच्या मोटार रिवायंडिंगवाल्याने. तात्यांची साडेसात एचपीची मोटार जळाली होती, ती घेऊन ते गेले होते. मोटारीचं पोट उघडून, काळी पडलेली तार उपसून तो माणूस नवी तार भरत होता. त्याच्याइतका विजेचा जाणकार आसपास नाही. तात्यांनी फोन पुढे केला. त्याने पाठीवरचे मजले एकेक करून उतरवले, फोन उलटसुलट करून बघितला आणि हातातली तार न थांबवता विचारलं, "तात्या, डीपीत काय असतं?"

"फ्यूज नसतो," तात्या अनुभवाने म्हणाले.

"दोन गुंडाळ्या असत्यात. कॉईल. ही हिला शिवत नाही. हिच्यात करंट फिरला की तिच्यात आपोआप उठतो. ह्या चकतीत एक गुंडाळी हाय. दुसरी फोनच्या पोटात पायजे. तुमच्या फोनात गुंडाळीच नाय. करंट घेणार कोण?"

1831 साली मायकेल फॅरडेने लंडनमध्ये जे दाखवलं, ते हेच. एका वेटोळ्यातला प्रवाह बदलत राहिला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उमटते. फोनच्या चकत्यांचे नियम ठरवायला कंपन्यांचा एक संघ 2008 साली स्थापन झाला आणि त्याचं 'ची' हे मानक जगभर चालतं. या चार्जरना एक जादा अक्कलही दिलेली असते. वर गुंडाळीऐवजी नुसतं लोखंड आलं, नाणं किंवा किल्ली आली, तर ते तापून पेटेल म्हणून चार्जर वीज बंद करतो आणि तांबडा दिवा लावतो. म्हणजे तात्यांचा बारा हजारांचा फोन हे त्या चार्जरच्या हिशेबी एक मोठं नाणं होतं. चुंबकाचं काम फक्त दोन्ही गुंडाळ्या नेमक्या समोरासमोर धरण्याचं. ओढणारं चुंबक वेगळं, वीज घेणारी गुंडाळी वेगळी. स्वस्तातल्या बहुतेक फोनांत दोन्ही नसतात, आणि आपले तात्या फक्त पहिलीच गोष्ट विकत घेऊन आले होते.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. तात्यांनी विचारलं, "गुंडाळी येगळी मिळती का?"

मिळते. कागदाएवढी पातळ गुंडाळी पाकिटात येते, तिला एक चपटी शेपटी असते आणि शेपटीच्या टोकाला पिन. गुंडाळी कव्हरच्या आत सरकवायची, शेपटी खालून वळवून फोनच्या चार्जिंगच्या भोकात खोचायची. तात्यांनी ती मागवली, खोचली, वर कव्हर चढवलं, कव्हरला रिंग लावली. टक्! दिवा हिरवा. फोन चार्ज होऊ लागला. आता परिस्थिती अशी होती, की फोनला वायर लावावी लागू नये म्हणून फोनला चोवीस तास वायर लावलेली होती. फोनसोबत खोक्यात आलेला चार्जर 33 वॅटचा, तो चहा होईपर्यंत अर्धी बॅटरी भरायचा. ही शेपटीवाली गुंडाळी 5 वॅटच्या आसपास. रात्री दहाला ठेवलेला फोन पहाटे कसाबसा भरे. मधल्या मधे बरीचशी वीज उष्णतेत जाई, त्यामुळे उन्हाळ्यात फोन इतका तापे की तात्या तो चकतीसकट माठाच्या ओल्या फडक्याशेजारी ठेवत.

"आवो, पन सरळ पिन लावली आसती तर?" मी एकदा विचारलं.

"लावली आसती," तात्या म्हणाले. "आन् त्यात काय क्येलं आसतं मी?"

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. या जातीच्या माणसांना लोक फुशारकीखोर समजतात किंवा खुळे. फुशारकी मारायचीच असती तर तात्यांनी बारामतीच्या कोणत्याही फायनान्सवाल्याकडे जाऊन हप्त्यावर आयफोन उचलला असता. गावातल्या निम्म्या पोरांनी उचलला आहे. तात्यांना आयफोन नको आहे. कोणीतरी लांब बसून ठरवलेलं 'तुमच्यात नाही ते' त्यांना खोडून काढायचं आहे, आणि तेही शंभर-दीडशे रुपयांत.

या खोडून काढण्यात अपघात होतात. भावकीतल्या एकाच्या बंगल्याची पायाभरणी होती. वास्तुशास्त्रवाला पुण्याहून यायचा होता, तो भिगवणच्या पुढे टायर फुटून अडकला. तात्यांनी फोनमधलं होकायंत्र उघडलं. फोनमधलं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व मोजतं आणि तात्यांच्या फोनच्या पाठीला तर पृथ्वीपेक्षा जवळची चुंबकं होती. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने ईशान्य कोपरा दाखवला. तो चुलतभावाच्या गोठ्यात जात होता. मंडळी गोठ्याकडे बघू लागली. चुलतभाऊ गोठा पाडायला तयार नव्हता. वाद भावकीचा, म्हणून 1984 सालच्या बांधापर्यंत मागे गेला. एवढ्यात गवंडी, जो इतका वेळ विडी ओढत बसला होता, तो म्हणाला, "तात्या, सकाळपासनं सूर्य तर हिकडनं वर आलाय." तात्यांनी सूर्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि सूर्याला संशयाचा फायदा दिला.

पाकिटातल्या कार्डाचीही अशीच एक गोष्ट. जुन्या एटीएम कार्डांवर मागे काळी चुंबकी पट्टी असे आणि तिच्यावरच सगळी माहिती. रिझर्व्ह बँकेने 2018 च्या डिसेंबरअखेर चिपवाली कार्डं सक्तीची केली आणि तात्यांसारख्यांचं नशीब उघडलं, कारण चिपला चुंबकाचं भय नाही. पण तात्यांनी त्याच पाकिटात थोरल्या नातवाच्या कॉलेजच्या वसतिगृहाचं पट्टीवालं कार्डही ठेवलं होतं. ते दाराच्या यंत्रात चालेना. नातू रात्री दाराबाहेर आणि तात्या इकडे फोनवर विचारत होते, "पन पाकिटाला चिकटलं ना नीट?"

तात्यांच्या गोठ्यात एक होल्स्टीन गाय आहे. ती खाणं सोडून कण्हायला लागली, पाठ कमानदार करून उभी राहू लागली. जनावरांचे डॉक्टर आले. कडबाकुट्टीतून तारेचा तुकडा किंवा खिळा वैरणीत जातो, गाय न चावता गिळते, आणि तो पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतो. तिथून तो हृदयाकडेही सरकू शकतो. डॉक्टरांनी बोटाएवढं, गुळगुळीत, लांबट चुंबक नळीतून तिच्या पोटात सोडलं. ते त्या कप्प्यात जन्मभर राहतं आणि पोटात जाणारं लोखंड स्वतःला चिकटवून धरतं. जगभर दुभत्या गाईंना हे देतात. गाईच्या पोटात चुंबक आहे की नाही हे तपासायचं असेल तर बाहेरून होकायंत्र लावतात, सुई हलली की आहे.

तात्या हे सारं अत्यंत आदराने ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर ते बराच वेळ गाईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिच्यात हाय, आन् माझ्या फोनात नाय." दुसऱ्या दिवसापासून गाय वैरण खाऊ लागली. तात्या रोज धार काढताना रिंगवाला फोन तिच्या कुशीला लावून बघत. तो चिकटत नसे. गाईची कातडी, मांस, दोन कप्प्यांच्या भिंती एवढं मधे आल्यावर चिकटायचा प्रश्नच नव्हता. पण गाय मान वळवून तात्यांकडे ज्या नजरेने बघे, ती नजर मी काकूंच्या चेहऱ्यावर बरेचदा पाहिली आहे.

आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. रस्त्याकडेची प्रत्येक वस्ती काही ना काही सेवा करते. कोणी चहा देतं, कोणी पिठलं-भाकरी, कोणी तळपायाला तेल लावून देतं, आणि अलीकडे पुष्कळ ठिकाणी फळीवर बोर्ड टाकून मोबाइल चार्ज करून देतात. तात्यांनी मांडव घातला आणि फलक लावला : 'वारकरी बंधू-भगिनींसाठी मोफत मॅग्नेट वायरलेस चार्जिंग सेवा'. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर ओळीने चकत्या, शेजारी परातीत फुकट वाटायच्या लोखंडी रिंगा. उदबत्ती लावलेली.

परभणीकडच्या एका दिंडीतल्या आजी आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी बटणांचा फोन काढला. मागचं झाकण रबराने बांधलेलं. तात्यांनी तो हातात घेतला, पाठीला रिंग लावली, चकतीवर ठेवला. टक्!

"चिकटलं ना, माउली?"

"चिकटलं बाबा," आजी म्हणाल्या. "आता बारीक पिन हाय का? लेकीला फोन लावायचाय."

बारीक पिन नव्हती. मागे रांगेत शंभरावर माणसं, बहुतेकांच्या हाती बटणांचे फोन. तात्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर मांडवाच्या मागून सटकला असता. तात्या शेजारच्या टपरीवर गेले, होत्या तेवढ्या बारीक पिना उचलून आणल्या, बोर्डला लावल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेकाचा फोन भरून दिला. कोणाचा कोणता हे लक्षात राहावं म्हणून रिंगांवर पेनने नंबर घालून त्या फोनांच्या पाठीला लावल्या. चकत्यांचंही वाया गेलं नाही. दिंडीच्या ट्रकच्या पत्र्याला त्या अशा काही चिकटल्या, की वारकऱ्यांनी एकीला आरसा टांगला, एकीला पंचा आणि एकीवर विठोबाची तसबीर टेकवली. दिंडी हलली तेव्हा तात्यांचं निम्मं भांडवल पंढरपूरच्या दिशेने चाललं होतं. तात्या हात जोडून उभे होते आणि ट्रक वळेपर्यंत बघत होते, की खड्ड्यात चाक गेल्यावर तसबीर हलते का. नाही हलली.

गावात तात्यांचे एकमेव गंभीर विरोधक म्हणजे निवृत्त मास्तर. विज्ञान शिकवत. पारावर बसून त्यांनी एकदा तात्यांना खडसावलं, "जे वस्तूच्या रचनेत नाही, ते वरून चिकटवून येत नसतं. मूळ धर्म बघावा."

तात्यांनी आधी फोन लांब ठेवला. मास्तरांच्या छातीत पेसमेकर आहे. चुंबकवाले फोन आणि चार्जर अशा यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर, आणि वायरलेस चार्ज होत असताना 30 सेंटिमीटर लांब ठेवावेत, असं आयफोनवाले स्वतःच सांगतात. हे कळल्यापासून तात्या पाराच्या दुसऱ्या टोकाला बसतात. 30 सेंटिमीटरवर त्यांचा विश्वास नाही, ते सात-आठ फूट धरतात. तिथून त्यांनी मोठ्याने विचारलं, "मास्तर, तुमच्या छातीतलं मशीन कंपनीकडनं आलं व्हतं का मागनं बसवलं?"

मास्तर गप्प झाले. तात्यांना जोर चढला. "गाईच्या पोटातलं चुंबक? मागनं. आन् ह्यो तालुका बघा. कऱ्हेला पानी किती म्हयने आसतं? आपल्या आज्या-पणज्यांनी काय दगडं खाल्ली का? सायबानं भाटघरला पानी अडवलं आन् निरेच्या डाव्या कालव्यानं आनून आपल्या पाठीला लावलं. मंग ऊस आला, मंग कारखानं आलं, मंग तुमची शाळा आली. रचनेत काय व्हतं हितं? कुसळं व्हती."

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी काढलेल्या त्या कालव्याबद्दल एवढं थोडक्यात आणि एवढं बरोबर कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. मास्तरांनाही नसावं. ते म्हणाले, "पण कालवा चार्ज करतो, तुमची रिंग करत नाही." हा मुद्दाही खरा होता. पारावरच्या लोकांनी सामना बरोबरीत सोडवला.

तात्यांच्या रिंगेला न्याय मिळाला तो बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात. नवऱ्या मुलाकडचे एक पाव्हणे, पुण्याचे, कडक इस्त्रीचे, जेवणाच्या पंगतीशेजारी फोन घेऊन चरफडत होते. ॲपलने 2025 च्या फेब्रुवारीत आयफोन 16 ई आणला. भारतात तेव्हा किंमत 59,900 पासून पुढे. त्यात गुंडाळी आहे, पण पाठीत चुंबकं नाहीत. कंपनीने आपलंच कडं त्या फोनमधून काढून घेतलं. पाव्हण्यांनी गाडीत चुंबकी चार्जर आधीच बसवून घेतला होता. फोन त्यावर टिकेना.

तात्या लांबून बघत होते. त्यांनी जिलबी ताटात ठेवली, हात धुतले, धोतराला पुसले, पाकिटातून एक कोरी रिंग काढली आणि न विचारता पाव्हण्यांच्या कव्हरवर बोटांनी मापून, गुंडाळीच्या बाहेरून बरोबर गोलात बसवली. मधे बसवली असती तर रिंगच तापली असती. एवढे प्रयोग केल्यावर तेवढं त्यांना अंगवळणी पडलेलं होतं. पाव्हणे तक्रार करायला तोंड उघडतात तोवर तात्यांनी त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत नेलं. टक्! हिरवा दिवा. फोन चार्ज होऊ लागला.

पाव्हण्यांनी पैसे विचारले. तात्यांनी घेतले नाहीत. परत येताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "साठ हजारांचा ना त्यो?"

मी त्यांना पुढचंही सांगितलं. 'ची' मानकाची दुसरी आवृत्ती 2023 च्या जानेवारीत जाहीर झाली आणि तिच्यात ॲपलच्याच धर्तीचं चुंबकी कडं आलं. 2025 मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल 10 मध्ये चुंबकं आतच बसवली. पण सॅमसंगचा त्याच वर्षीचा एस 25, ज्याचा वरचा अवतार लाखाच्या वर गेला, त्याच्या पोटात गुंडाळी आहे आणि चुंबकं नाहीत. चुंबक हवं तर चुंबकवालं कव्हर वरून घाला, असं कंपनीच सांगते.

तात्या जागच्या जागी थांबले. "म्हंजे कोरियावाल्यांनीबी पाठीलाच लावायचं ठरवलं?"

"हो."

"मास्तरांना सांग ह्ये," तात्या म्हणाले, आणि राहिलेली जिलबी खायला आत गेले.

गेल्या दिवाळीत पुतण्याने आपला जुना फोन काकाला दिला. आयफोन 13, पाठीत चुंबक, पोटात गुंडाळी, सगळं कंपनीकडचं. तात्यांनी तो चकतीवर ठेवला. टक् झालं, भरायला लागला. तात्यांनी उचलला, परत ठेवला. परत टक्. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. काही अडतच नव्हतं. संध्याकाळी त्यांनी बारामतीहून त्याला जाड चामड्याचं पाकीटवजा कव्हर आणलं. त्यातून आतल्या चुंबकाची ओढ पोचेना, फोन चकतीवरून घसरू लागला. तात्यांना हुशारी आली. त्यांनी कव्हरवर रिंग लावली. नातू म्हणाला, "आबा, आत हाये ना पण!" तात्या म्हणाले, "आसू दे. ते त्यांचं. ह्ये माझं."

पण त्यात मन रमलं नाही. तो फोन आता काकू वापरतात आणि पिठाच्या डब्यावर ठेवून सरळ वायरने भरतात. तात्या आपल्या बारा हजारांच्या फोनवर परतले आहेत. सध्या ते टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बसतात. त्याला सेल लागतात आणि सेल सारखे संपतात, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे त्याची पाठ सपाट आहे आणि रिंग रुंदीत जेमतेम बसेल, असं त्यांचं म्हणणं आहे. पुलावरून सकाळीच आरोळी आली होती. ओटीपी 4 ने सुरू होत होता.